विधी स्वयंसेवकाने पक्षकाराच्या केसबद्दल चारचौघांत काय बोलावं, काय नाही

तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. तिथून गावोगावी जाणारा माणूस म्हणजे विधी स्वयंसेवक, म्हणजेच पीएलव्ही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 मध्ये ही योजना काढली. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, बचत गटातल्या बाया, कॉलेजची पोरं यात असतात. हे वकील नव्हेत. अर्ज भरून देणं, मोफत वकील मिळवून देणं, तारखेला सोबत जाणं हे त्यांचं काम.

आता हा माणूस गावातलाच. त्यामुळे चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी विचारतंच, "त्या केसचं काय झालं हो?" खरी अडचण इथं होते.

समजा वाटणीचा दावा आहे. आपला पक्षकार दोन एकरांवर तडजोडीला तयार आहे, एवढंच स्वयंसेवक बोलून गेला. संध्याकाळपर्यंत ते भावकीत पोचतं आणि लोकअदालतीत समोरचा दोन एकरांच्या वर एक गुंठाही सरकत नाही. बोलणाऱ्याचं काही गेलं नाही, पण पक्षकाराची जमीन गेली. कोणता जुना फेरफार सापडला, साक्षीला कोण येणार, हेही तसंच.

पोटगी किंवा मारहाणीच्या केसमध्ये बाई मुळातच घाबरत आलेली असते. तिनं सांगितलेलं गावभर झालं तर ती पुढच्या तारखेला येत नाही, आणि तिचं बघून दुसरीही येत नाही.

"मी नाव कुठं घेतलं?" असं बरेच जण म्हणतात. पण अमुक वस्तीवरची, नवरा ट्रकवर असलेली म्हटलं की गावाला नाव लागत नाही. सुप्रीम कोर्टाने 2018 च्या निपुण सक्सेना निकालात हेच सांगितलंय. बलात्कार पीडितेचं नाव तर नाहीच, पण जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही माहिती छापायची वा पसरवायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सोचं कलम 23 लागतं. व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवलेला फोटो आपल्या ओळखीतच राहतो, असं कुणी समजू नये.

वकिलांना तर बार कौन्सिलच्या नियमानुसार आपण चालवत असलेल्या केसच्या निमित्ताने पेपरात फोटो आणि बातमी छापून आणायलाही मनाई आहे. स्वयंसेवकाला तो नियम थेट लागू नाही, पण तेवढं भान ठेवायला कुणाची हरकत नसावी.

मग बोलायचं काय? कायदा सांगावा. महिलेला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, अर्ज कुठं द्यायचा, कागद कोणते लागतात, हे ग्रामसभेत खुशाल सांगावं. शिबिरात उदाहरण द्यायचंच तर आपल्या गावातलं, चालू केसचं देऊ नये. पत्रकाराचा फोन आला तर वकिलाकडे बोट दाखवावं. पक्षकार स्वतः "बोला" म्हणाला तरी आधी वकिलाला विचारावं. रागाच्या भरात दिलेली परवानगी दुसऱ्या दिवशी त्यालाच नको असते. केस संपली म्हणूनही तोंड मोकळं होत नाही, कारण ती माणसं गावातच राहणार असतात.

स्वयंसेवकाने माहिती फोडली असं वाटलं तर तालुका विधी सेवा समितीकडे लेखी तक्रार देता येते. समितीचे अध्यक्ष न्यायाधीशच असतात. पदाचा गैरवापर केल्यास स्वयंसेवकाला यादीतून काढता येतं. मोफत कायदेशीर मदतीसाठी हेल्पलाइन नंबर 15100 आहे.