बंदूक खाली पडली तर गोळी सुटते का? हँडगन बिघडण्याची आणि चुकून फायर होण्याची कारणं

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. अभिनेते गोविंदा मुंबईतल्या जुहूच्या घरातून कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. परवाना असलेलं रिव्हॉल्व्हर ठेवताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि डाव्या पायात घुसली. ऑपरेशन करून गोळी काढावी लागली आणि ४ ऑक्टोबरला ते घरी आले. त्या दिवशी माझ्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न होता: चाप न ओढता गोळी सुटतेच कशी?

थोडक्यात उत्तर: सुटू शकते. पण त्यासाठी सहसा एकापेक्षा जास्त गोष्टी चुकाव्या लागतात. चला, एकेक करून समजून घेऊ.

आधी बेसिक: गोळी सुटते कशी?

काडतुसाच्या मागच्या बाजूला प्रायमर नावाची छोटी टोपी असते. तिच्यावर जोरात टोचा बसला की ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि तयार झालेला गॅस गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. हा टोचा मारणारी पिन म्हणजे फायरिंग पिन. रिव्हॉल्व्हरमध्ये तिला घोडा ठोकतो. आजच्या बऱ्याच पिस्तुलांत घोड्याऐवजी स्प्रिंगवरचा स्ट्रायकर असतो.

म्हणजे बंदुकीला तुमचं बोट कळत नाही. प्रायमरवर पुरेसा टोचा बसला, एवढंच तिला कळतं. तो कशामुळे बसला याच्याशी तिला देणंघेणं नाही.

चाप न ओढता टोचा बसण्याची कारणं

१. *जुनी रचना:* जुन्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट पिनवर टेकलेला असतो आणि पिन काडतुसावर. अशी बंदूक घोड्यावर आपटली की काम तमाम. म्हणूनच सहा घरांच्या अशा रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, अशी जुनी पद्धत होती. अमेरिकेतल्या रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या अशा मॉडेल्समध्ये 'ट्रान्सफर बार' आणला. हा छोटा धातूचा तुकडा चाप ओढल्यावरच घोडा आणि पिनच्या मधे येतो. तो मधे नसेल तर घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोहोचतच नाही.

२. *नवीन रचनेतली चूक:* 'नवीन म्हणजे सेफ' असंही नाही. सिग सॉअर कंपनीचं पी३२० पिस्तूल ठरावीक कोनात पडलं तर फायर होतं, हे २०१७ मध्ये समोर आलं. पिस्तूल आपटून थांबायचं, पण चाप स्वतःच्या वजनाच्या झोकाने मागे सरकायचा. कंपनीने हलका चाप आणि इतर बदल मोफत करून द्यायला सुरुवात केली. आमच्या भाषेत सांगायचं तर, टेस्टिंगमध्ये न सापडलेला बग प्रॉडक्शनमध्ये सापडला.

३. *झीज आणि 'घरगुती दुरुस्ती':* ताणलेला घोडा एका छोट्या खाचेवर अडकलेला असतो. ती खाच झिजली किंवा चाप हलका करायला कुणी ती घासली, तर जराशा धक्क्यानेही घोडा निसटतो.

४. *कचरा आणि गंज:* पिन घाणीमुळे बाहेर आलेल्या अवस्थेतच अडकली, तर पिस्तुलाची स्लाइड बंद होतानाच टोचा बसू शकतो.

गोळी सुटत नाही, तेव्हाही धोका असतो

- *मिसफायर:* चाप ओढला, 'टक्' आवाज आला, पण काहीच झालं नाही. प्रायमर खराब किंवा स्प्रिंग कमजोर.
- *हँगफायर:* दारू उशिरा पेटते. म्हणून मिसफायर वाटला तरी नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबायला शिकवतात. लगेच नळीत डोकावणं म्हणजे आत्महत्याच.
- *स्क्विब:* आवाज दबका येतो आणि गोळी नळीतच अडकते. त्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते.
- *जॅम:* रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही किंवा नवीन काडतूस नीट बसत नाही. हे मुख्यतः पिस्तुलात होतं. घाईत मोकळं करताना बोट चापावर गेलं तर अपघात ठरलेला.

यात हवामानाचाही हात असतो. माझं गाव गगनबावड्याजवळ आहे. कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस आमच्याकडे. जून ते सप्टेंबर घरातल्या कुलपाला, विळ्या-कोयत्यालाही गंज चढतो. कपाटात चामडी कव्हरमध्ये ठेवलेली बंदूक याला अपवाद कशी असेल? चामडं ओल धरून ठेवतं, स्प्रिंग गंजते, काडतुसंही खराब होतात.

सगळ्यात धोकादायक वाक्य: 'रिकामी आहे रे'

मी बारावीत असताना, फौजेतून रिटायर झालेल्या माझ्या चुलत्यांचं परवान्याचं पिस्तूल टेबलावर दिसलं. ते साफ करायला बसणार होते. मॅगझिन काढून बाजूला ठेवलेलं होतं. मला वाटलं, रिकामं आहे. मी ते उचललं आणि कानाजवळ धरून सेल्फी घ्यायला मोबाईल वर केला. चुलत्यांनी आधी माझं मनगट धरून नळी जमिनीकडे वळवली, मग पिस्तूल काढून घेतलं. स्लाइड मागे ओढली, तसं एक काडतूस टेबलावर पडलं. "घे आता सेल्फी," एवढंच म्हणाले. नंतर आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो.

मॅगझिन काढलं तरी चेंबरमधलं काडतूस आतच राहतं. बऱ्याच पिस्तुलांत ते मॅगझिनशिवायही फायर होतं. त्या दिवशी यंत्रात काहीही बिघाड नव्हता. बिघाड माझ्या समजुतीत होता, आणि भरलेलं पिस्तूल टेबलावर ठेवण्यात चुलत्यांचाही होता.

बोट चापावर असताना दचकलं किंवा तोल गेला, तर मूठ आपोआप आवळली जाते. शर्टाचं टोक कव्हरमध्ये अडकूनही चाप ओढला जातो.

कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यानुसार निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'चुकून झालं' म्हटलं म्हणून सुटका होत नाही.

लक्षात ठेवा

- प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा.
- नळी कुणाकडेही रोखू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.
- बंदूक पडत असेल तर झेलायला जाऊ नका. झेलताना बोट चापावर जाऊ शकतं.
- सेफ्टी बटण हेही एक यंत्रच आहे. तेही बिघडतं.
- मित्राने रीलसाठी बंदूक काढली तर आधी त्या खोलीतून बाहेर पडा.

वर सांगितलेली यंत्रातली कारणं तुमच्या हातात नाहीत. पण आत काडतूस नसेल तर यातलं एकही कारण जीव घेऊ शकत नाही, आणि नळीसमोर माणूस नसेल तर सुटलेली गोळी भिंतीत किंवा जमिनीत जाते. या दोन गोष्टी मात्र माणसाच्याच हातात असतात.