नुसता ठोसा?

चकलांब्याच्या पारावर कुस्तीचा विषय निघाला की दिवेलागण होऊन जाते. बॉक्सिंग मात्र तिथं पोचलं ते मोबाइलवरच्या नॉकआउटच्या तुकड्यांतून. त्या तुकड्यांत अमेरिकेचा अर्नी शेव्हर्स हमखास असतो आणि त्याच्यामागोमाग त्याच्याबद्दलचं जगमान्य मतही येतं: हातात ताकद अफाट, पण दम नाही, डोकं नाही, म्हणून जगज्जेतेपद नाही.

पूर्वपक्ष अगदीच लंगडा नाही. 1973 मध्ये जेरी क्वॉरीनं शेव्हर्सला पहिल्याच फेरीत संपवलं. 1975 मध्ये रॉन लाइलला दुसऱ्या फेरीत पाडूनही सहाव्या फेरीत तो स्वतःच आडवा झाला. नोंदवहीत 14 पराभव आहेत. पण त्याच वहीत 74 विजय आहेत आणि त्यांतले 68 नॉकआउट! तेही बाविशीत पहिल्यांदा हातमोजे चढवलेल्या माणसाचे.

आता दमाचं बघू. 29 सप्टेंबर 1977, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर मुहम्मद अली. दुसऱ्या फेरीत शेव्हर्सच्या उजव्या ठोशानं अली खरोखर हेलपाटला आणि लगेच लटपटण्याचं सोंग करू लागला. खऱ्यावर खोट्याचं पांघरूण! शेव्हर्सला वाटलं, हा फसवतोय. तो तुटून पडला नाही. चूक झालीच, पण ती दमाची नव्हे, अंदाजाची. पुढे तो सगळ्या पंधरा फेऱ्या लढला आणि चौदाव्या फेरीतही अलीला हलवत होता. त्या रात्री पंचांचे गुण प्रत्येक फेरीनंतर टीव्हीवर दाखवले जात होते, त्यामुळे आपण पुढे आहोत हे अलीच्या गोटाला कळत होतं. तरीही तिन्ही पंचांनी अलीला दिल्या त्या नऊच फेऱ्या. या लढतीनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको त्याला सोडून गेले. अलीनं आता थांबावं, हे त्यांचं म्हणणं कोणी ऐकलं नाही.

डोक्याचं म्हणाल, तर लॅरी होम्सच्या दोन लढती शेजारी ठेवा. मार्च 1978 मध्ये होम्सनं बारा फेऱ्या त्याला जवळ फिरकू दिलं नाही. सप्टेंबर 1979 मध्ये, जगज्जेतेपदाच्या लढतीत, सातव्या फेरीत त्याच होम्सला शेव्हर्सनं असा झोपवला की तो उठेल असं वाटेना. होम्स उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. त्या उठण्याचं श्रेय होम्सचं. पण आधी न सापडलेला माणूस नंतर सापडतो, ते आंधळ्या ताकदीनं नाही.

राहिला जगज्जेतेपदाचा पट्टा. आज चार संस्थांचे चार पट्टे असतात. 1977 मध्ये मुख्य दोनच होते आणि दोन्ही अलीकडे. फ्रेझर, फोरमन, नॉर्टन, होम्स यांच्या काळात जन्मणं हा काही गुन्हा नव्हे. (यांतल्या नॉर्टनला शेव्हर्सनं 1979 मध्ये पहिल्याच फेरीत गारद केलं होतं.) आणि सर्वोच्च मान हुकला म्हणून कुणी कच्चा ठरत नाही. कुस्तीतच पाहा: आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेला ऑलिम्पिकची मॅट मिळाली नाही, पण 2019 मध्ये नूर-सुलतान शहरात त्यानं जागतिक कांस्य घेतलं. बीड जिल्ह्यात त्याला कुणी कच्चा मल्ल म्हणून दाखवावं!

तेव्हा नॉकआउटचे तुकडे राहू द्या. अलीविरुद्धच्या पंधराच्या पंधरा फेऱ्या एकदा बघा, आणि मग सांगा दम कुणात नव्हता ते.