दिवा चालू आहे

२००७ सालचा फेब्रुवारी. मी तेव्हा ऑनसाइट होतो, व्हर्जिनियात. रोज मेट्रोनं वॉशिंग्टनला क्लायंटच्या ऑफिसात जायचं, रोज तेच डबे, त्याच जाहिराती. एक दिवस त्यात नवीन पाटी दिसली, 'द लाइट इज ऑन फॉर यू'. मला आधी वाटलं वीज कंपनीची असेल! वाचलं तर कॅथलिक चर्चची निघाली. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात, दर बुधवारी संध्याकाळी तिथली चर्चेस उघडी राहणार, दिवा लावलेला असणार आणि आत फादर कन्फेशन ऐकायला बसलेले असणार. तुम्ही फक्त या.

आता धर्माच्या जाहिरातींचं आपल्याला काय कौतुक? गणपतीत गल्लोगल्ली फ्लेक्स बघत मोठे झालेलो आपण. पण "या आणि आपली पापं सांगा" अशी जाहिरात? माझा रूममेट मडगावचा, कॅथलिक. त्याला रात्री विचारलं, तर तो भांडी घासता घासता म्हणाला, "अरे, आमच्याकडे कुमसार म्हणतात त्याला. मी शेवटचा गेलो त्याला अकरा वर्षं झाली. शामाय दर महिन्याला विचारायची, ती गेली आणि विचारणारं कुणी राहिलं नाही."

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला तो बसलाच. लोकांनी वरचेवर कन्फेशनला यावं म्हणून चर्च आज धडपडतंय खरं, पण "वरचेवर" ही कल्पना मुळात चर्चची नव्हतीच. पहिली काही शतकं मोठ्या पापाला प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळायचं. तेही चारचौघांत, पश्चात्ताप करणाऱ्यांच्या वेगळ्या रांगेत उभं राहून, आणि पुढे जन्मभर त्याची बंधनं पाळून. मग लोक काय करणार? मरणाच्या दारात पोचेपर्यंत पुढे ढकलणार! (डेडलाइनच्या आदल्या रात्री चेक-इन करणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.)

यातून वाट काढली ती आयरिश मठवासीयांनी. त्यांनी खाजगीत, एकाच माणसापाशी आणि कितीही वेळा पाप सांगायची पद्धत रूढ केली. त्यांची पुस्तकं बघाल तर चक्क लुकअप टेबल्स आहेत. अमुक पाप, तर तमुक दिवस भाकरी-पाण्यावर राहायचं, आणि तेच पाप पाद्र्यानं केलं तर हिशोब वेगळा. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबानुससारख्या संन्याशांनी ही पद्धत युरोपात नेली. सगळ्यांना ती आवडली नाही. ५८९ साली स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मपरिषदेनं, लोक पाप करतात तितक्यांदा क्षमा मागतात, या प्रकाराचा कडक शब्दांत निषेध केला. म्हणजे बघा, वरचेवर कन्फेशनला जाणं हीच तक्रार होती!

आणि १२१५ साली पोप तिसरे इनोसंट यांनी भरवलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेनं बरोबर उलटा नियम केला. कळत्या वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषानं वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपाशी कन्फेशन करायचं. नाही केलं तर जिवंतपणी चर्चमध्ये प्रवेश नाही आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही. या कलमातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कन्फेशनमध्ये ऐकलेलं पाप ज्या पाद्र्यानं फोडलं, त्याचं पद काढून घ्यायचं आणि जन्मभर प्रायश्चित्तासाठी त्याला कडक शिस्तीच्या मठात कोंडायचं. सांगणाऱ्याला धाक घालताना ऐकणाऱ्यालाही तेवढाच बांधून टाकलाय. सक्ती करायची तर आधी भरवसा द्यावा लागतो, हे त्या लोकांना कळत होतं.

लाकडी खोकं त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी आलं. सिनेमात दिसतं ते, मधे जाळी आणि पलीकडे फादरची सावली. मला ते अगदी प्राचीन वाटायचं. प्रत्यक्षात त्याआधी पाद्री खुर्चीत बसायचा आणि माणूस त्याच्यापुढे गुडघे टेकायचा. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी १५७७ सालच्या आपल्या सूचनांत मधल्या फळीचं आणि जाळीचं बारकाईनं वर्णन केलंय, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं ती जाळी सगळीकडे नेली. काळजी विशेषतः बायकांची होती. पाद्र्याचा हात आणि नजर दोन्ही अडली पाहिजेत, पण खोकं मात्र चर्चमध्ये सगळ्यांना दिसेल अशाच जागी हवं. गुप्तता शब्दांना, माणसांना नाही.

ऐकणाऱ्याचे काय हाल होतात त्याचं उदाहरण म्हणजे फ्रान्समधल्या आर्स गावचे जाँ मारी व्हियाने. १८१८ साली ते तिथे गेले तेव्हा गावात जेमतेम अडीचशे माणसं असतील. पुढे पुढे वर्षाला हजारो लोक बाहेरगावाहून यायला लागले आणि हा माणूस दिवसाचे सोळा सोळा तास त्या खोक्यात बसायला लागला. कंटाळून ते गाव सोडून पळायलाही निघाले होते, एकदा नाही, अनेकदा. दर वेळी परत आले. १८५९ साली गेले. पुढे ते संत झाले, पण ते पळायला निघाले होते म्हणूनच मला जास्त जवळचे वाटतात.

मग गर्दी ओसरली कशी? एक कारण गमतीशीर आहे. लोक कम्युनियन क्वचित घ्यायचे आणि त्याआधी कन्फेशन करायचे. १९०५ साली दहाव्या पायसनी कम्युनियन वरचेवर, अगदी रोजसुद्धा घ्या, असं सांगितलं. हळूहळू दोन्हींची गाठ सुटली. त्यात १९६८ साली पोपनी संततिनियमनाची कृत्रिम साधनं निषिद्धच असल्याचं पुन्हा सांगितलं. ज्यांना ते पटलं नाही, ते खोक्यात जाऊन काय सांगणार? १९७३ साली नवा विधी आला, समोरासमोर बसून बोलायची सोय झाली, तरी रांगा परतल्या नाहीत. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधन केंद्रानं २००८ साली अमेरिकेत पाहणी केली, तेव्हा तीन चतुर्थांश कॅथलिकांनी सांगितलं की आम्ही कधीच जात नाही, किंवा वर्षातून एकदाही जात नाही.

त्यामुळे मेट्रोतली ती पाटी मला हुशारीची वाटते. अमेरिकेत कन्फेशनची नेहमीची वेळ शनिवार दुपार. शनिवारी दुपारी कोण मोकळं असतं? यांनी नियम बदलला नाही, धाक घातला नाही, वेळ बदलली आणि दिवा लावला. २०११ साली तर कन्फेशनच्या तयारीसाठी आयफोनचं ॲपसुद्धा आलं, बिशपच्या मान्यतेसकट. ॲपवर क्षमा मिळत नाही, हा खुलासा तेव्हा व्हॅटिकनला करावा लागला होता. २०१४ साली पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सगळ्यांसमोर एका साध्या पाद्र्यापुढे गुडघे टेकून कन्फेशनला बसले.

असो. त्या मार्चमध्ये एका बुधवारी रूममेट म्हणाला, "गाडी काढतोस?" मी बाहेर पार्किंगमध्ये हीटर लावून बसलो. पंधरा-वीस मिनिटांत तो आला. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "नुसतं सांगून भागत नाही रे. ज्याचं घेतलं त्याला परत करायला लावतात."

आता हे लिहायलाच हवं. जानेवारीत मी प्रॉडक्शनवर चुकीच्या डेटाबेसला एक स्क्रिप्ट चालवली होती. काही हजार रेकॉर्ड्स उडाली, रात्रभर रिस्टोअर चाललं, आणि खापर फुटलं पुण्यातल्या टीममधल्या एका नव्या मुलावर, कारण त्या रात्री शिफ्ट त्याची होती. मी कॉलवर होतो. गप्प बसलो. मला ऐकणारं खोकं नव्हतं आणि ज्याला सांगायचं तो जवळजवळ तेरा हजार किलोमीटरवर होता. मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवली. मॅनेजरला सांगितलं ते मे महिन्यात, आणि नंतर त्या मुलाला फोन केला. तोवर त्याचं अप्रेझल होऊन गेलं होतं. मी पाच मिनिटं बोललो, तो ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मला माहीत होतं. लॉगमध्ये तुमचाच युजर आयडी होता."