दुबळ्या वर्षाचे अंदाजपत्रक

जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक सहसा तुटीचे नसते. पाऊस दगा देवो, कापसाचा भाव पडो, सारा देश टाळेबंदीत जावो. मार्चमध्ये सभेपुढे येणारे पुस्तक थोडीफार शिल्लक दाखवूनच संपते. वर्तमानपत्रांतही तशीच बातमी येते : अमुक लाखांचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर. केंद्र सरकार तूट सोसू शकते, राज्य सरकार कर्ज उभारू शकते. जिल्हा परिषदेने मात्र जमेत बसेल तेवढाच खर्च मांडायचा. त्यामुळे मंदी तिच्या पुस्तकात तूट म्हणून दिसत नाही. ती कुठे दिसते हे शोधायला शिकणे, हीच या विषयाची सुरुवात.

केळापूर तालुक्यातला वाचक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. पांढरकवडा शहराचा कारभार नगर परिषदेकडे आहे, पण केळापूर पंचायत समितीचे कार्यालय याच शहरात आहे. हैदराबादच्या रस्त्याने पाटणबोरीकडे निघा की नागपूरच्या बाजूने करंजीकडे, वाटेतल्या गावांतली प्राथमिक शाळा, लसीकरणाचे उपकेंद्र, आतला रस्ता यांचा हिशेब बहुतेक वेळा यवतमाळला जिल्हा परिषदेत लागतो. त्यात आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालयही पांढरकवड्यातच. अनुसूचित क्षेत्रातल्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, प्रकल्प कार्यालय आणि जिल्हा नियोजन समिती अशा पाच दारांनी पैसा येऊ शकतो. वाईट वर्षी यांतले कोणते दार आधी बंद होते, हा प्रश्न पोडावरच्या माणसाला अर्थशास्त्रज्ञाइतकाच, किंबहुना जास्त, महत्त्वाचा वाटतो.

पुस्तक हाती आले की आधी पैशाचे दोन भाग करावेत. मोठा भाग शासनाच्या अनुदानाचा : शिक्षकांचे पगार, आरोग्य कर्मचारी, ठरलेल्या योजना. हा पैसा जिल्हा परिषदेच्या हातून जातो, पण तो कशावर खर्चायचा हे ती ठरवत नाही. दुसरा भाग लहान, आणि तोच तिचा स्वतःचा. बोलीत त्याला सेस फंड म्हणतात. जमीन महसुलावरचा उपकर, पाणीपट्टीवरचा उपकर, खरेदीखतांवरच्या मुद्रांक शुल्कातला वाटा, ठेवींवरचे व्याज, गाळ्यांचे भाडे यांतून तो जमतो. त्यातूनही 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात, आणि ते योग्यच आहे. उरलेल्या रकमेत सोळा तालुक्यांच्या गरजा बसवायच्या. सदस्य सभेत तावातावाने भांडतात ते या उरलेल्या रकमेसाठी. बाहेरून बघणाऱ्याला ते भांडण क्षुल्लक वाटते. मला ते जिल्ह्याच्या लोकशाहीतले सर्वांत खरे भांडण वाटते, कारण निवडून आलेल्या माणसाला स्वतःच्या मर्जीने 'हे आधी, ते नंतर' म्हणता येते ते फक्त इथेच.

याच लहान निधीवर वाईट वर्ष सर्वांत आधी चालून येते. पैसेवारी 50 पैशांच्या खाली गेली, दुष्काळ जाहीर झाला, की सवलतींच्या यादीत जमीन महसुलातली सूट असते. शेतकऱ्याला ती हवीच. पण महसूल माफ झाला की त्यावर बसणारा उपकरही आला नाही. म्हणजे टँकर, चारा, आजारपण यांची मागणी वाढते त्याच वर्षी परिषदेची स्वतःची जमा घटते, आणि ती घटते एका न्याय्य निर्णयामुळे. मुद्रांक शुल्काचे वेगळे. व्यवहार थंडावले तरी जिल्हा परिषदेला त्याची झळ लगेच लागत नाही, कारण तिचा वाटा राज्याच्या तिजोरीतून उशिरा उतरतो. 2008 नंतर अमेरिकेतल्या अनेक कौंट्यांनाही असाच अनुभव आला : घरांच्या किमती आधी कोसळल्या, मालमत्ता करातली घट मूल्यांकनाच्या मागोमाग पुढच्या वर्षांत आली. बाजार सावरू लागला तेव्हा कौंटीच्या शाळा कात्री लावत होत्या.

दुसऱ्या प्रकारची टंचाई एका शासन निर्णयाने येते. 4 मे 2020 रोजी राज्याच्या वित्त विभागाने 2020-21साठी कार्यक्रमांवरच्या खर्चाला 33 टक्क्यांची मर्यादा घातली, नवी कामे थांबवली, आणि सार्वजनिक आरोग्यासारख्या मोजक्या विभागांना प्राधान्य दिले. त्याआधी मार्च 2020चे पगारही दोन टप्प्यांत देण्याचे ठरले होते. एवढ्या मोठ्या आघाताची नोंद जिल्ह्याच्या पुस्तकात कशी सापडते, ते एका शीर्षावर पाहू. 'शाळा इमारत दुरुस्ती' घ्या. आडव्या ओळीत चार आकडे असतात : मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी चौथ्या आकड्याची होते. अभ्यासकाने दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवावेत. मूळ अंदाज भरघोस आणि सुधारित त्याच्या तिसऱ्या हिश्शावर आलेला दिसला, तर त्या वर्षी कुठल्या तरी गावात मुले गळक्या छपराखाली बसली, असे समजावे. कधी तिथे हजार रुपयांची नाममात्र तरतूद असते; शीर्ष बंद पडू नये एवढ्यापुरती. पुढे 'दायित्व' पाहावे. आधीच्या वर्षी कार्यारंभ आदेश दिलेल्या कामांची बिले आधी भागवायची असतात, म्हणून नव्या वर्षाचा पैसा बराचसा जुन्या कामांत जातो. मंदीचे वर्ष कागदावर संपते आणि दायित्वाच्या रूपाने पुढे दोन-तीन वर्षे रेंगाळते.

आकड्यांना जोड द्यावी ती सभेच्या इतिवृत्ताची. कोणत्या सदस्याने कोणत्या गावाचे नाव घेतले, मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याने काय उत्तर दिले, पुनर्विनियोजनात कुठून काढून कुठे घातले, हे त्यातच कळते. मार्च 2022मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. अंदाजपत्रक तेव्हाही वेळेवर मंजूर झाले, पण प्रश्न विचारणारे सभागृहात नव्हते. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला आकडे मिळतील, वाद मिळणार नाही. ही हानी मला फार मोठी वाटते.

या विषयाला इतिहास आहे, आणि त्यातला पायाचा ग्रंथ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1925मध्ये प्रसिद्ध झाले. लॉर्ड मेयोच्या सरकारने डिसेंबर 1870मध्ये शिक्षण, रस्ते, पोलीस, तुरुंग अशी खाती प्रांतांकडे सोपवली, पण सोबत नेमून दिलेली रक्कम चालू खर्चापेक्षा कमी ठेवली. उरलेले प्रांतांनी स्थानिक कर बसवून उभे करावे, अशी अपेक्षा होती. वरची तिजोरी तुटीत होती म्हणून खाली अधिकार उतरले. यवतमाळ ज्यात येते ते वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटच्या अखत्यारीत होते, तरी ही रीत पुढे सगळीकडे रुजली. 1948च्या कायद्याने मध्य प्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या, 1 मे 1962 रोजी वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर उभ्या राहिलेल्या जिल्हा परिषदा आल्या. काम वरून खाली येत राहिले; पैसा त्याच वेगाने आला नाही. चौदाव्या वित्त आयोगाचे अनुदान केवळ ग्रामपंचायतींना मिळाले. पंधराव्याने जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला पुन्हा वाटा दिला, राज्यात दोघींना प्रत्येकी 10 टक्के.

उलट दिशेचे उदाहरणही याच महाराष्ट्रात घडले, आणि तेव्हा मुख्यमंत्री याच जिल्ह्यातले वसंतराव नाईक होते. 1972च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या, बांधबंदिस्तीच्या कामांवर लाखो माणसे उभी राहिली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला पुढे 1977चा कायदा मिळाला. त्याआधी 1975मध्येच तिच्यासाठी व्यवसाय कर बसला होता. शहरातल्या पगारदाराकडून दरमहा जमणारा हा कर आणि त्याच्या जोडीला राज्याचा तेवढाच हिस्सा. पाऊस पडला तरी कर जमत राहतो, आणि पाऊस पडला नाही की खर्च वाढवता येतो. वाईट वर्षासाठी आधीच बाजूला काढलेला, कायद्याने बांधलेला पैसा कसा असतो, ते या निधीने दाखवले.

जिल्हा परिषदेला असा निधी नाही. तो असावा, हे माझे ठाम मत आहे, आणि पुढची प्रकरणे वाचताना ते मनात धरून वाचावे, पटले नाही तर खोडावे. कापसाला भाव असलेल्या, व्यवहार तेजीत असलेल्या वर्षांत मुद्रांक शुल्काच्या वाट्यातला ठरावीक हिस्सा बाजूला काढला. तो रस्त्यांवर किंवा गाड्यांवर न खर्चता पैसेवारी घसरलेल्या तालुक्यांतल्या शाळा-दवाखान्यांसाठीच उघडला. तर किती वर्षांत केळापूरच्या एका पडत्या हंगामापुरता तो पुरेल? हिशेब मांडण्यासाठी लागणारी कागदपत्रे यवतमाळच्या अर्थ विभागात आहेत आणि माहितीच्या अधिकारात कुणालाही मागता येतात. सुरुवात 2018-19 ते 2022-23 या पाच वर्षांच्या सुधारित अंदाजपत्रकांपासून करावी.