प्रिंटर एक, संगणक अनेक

'झेरॉक्स' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे, की ते एका अमेरिकन कंपनीचं नाव आहे, हे मुद्दाम सांगावं लागतं. सातबाराचा उतारा असो की दहावीची गुणपत्रिका, आपण तिची झेरॉक्स काढतो. पण याच कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेली आणखी एक गोष्ट आपल्या घराघरांत येऊन बसली आहे आणि तिच्यावर कंपनीचं नाव कुठंही नाही. ती म्हणजे घरातले संगणक एकमेकांना जोडण्याची युक्ती.

आज एखाद्या मध्यमवर्गीय घरात एक-दोन लॅपटॉप, चार मोबाइल आणि एक प्रिंटर असतो. आतल्या खोलीतून आज्ञा दिली की बाहेरच्या खोलीतला प्रिंटर कागद ओढू लागतो. एका संगणकात साठवलेले लग्नाचे फोटो दुसऱ्यावर पाहता येतात. ही सोय इतकी साधी वाटते, की तिलाही काही इतिहास असेल हे मनात येत नाही. इतिहास आहे आणि त्यात थोडी भांडणंही आहेत. त्याची सुरुवात झाली ती मात्र एका अडचणीतून: प्रिंटर महाग होता आणि तो सगळ्यांना हवा होता.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं १९७० साली झेरॉक्सनं एक संशोधन केंद्र सुरू केलं. संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं यंत्र, असं समीकरण होतं तो हा काळ. एका यंत्रावर अनेकांनी पाळीपाळीनं काम करायचं, अशी रीत होती. या केंद्रातल्या मंडळींनी १९७३ मध्ये 'आल्टो' नावाचा संगणक बांधला. तो एका माणसानं एकट्यानं वापरावा, अशी कल्पना होती. त्याच केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझरच्या किरणानं कागदावर छापणारं यंत्र उभं केलं होतं. ते सेकंदाला एक पान छापू शके आणि प्रत्येक इंचात पाचशे ठिपके मांडी. हिशेब केला तर एका पानावर दोन कोटींहून अधिक ठिपक्यांच्या जागा होतात.

आता प्रश्न असा आला, की प्रत्येकाच्या टेबलावर आल्टो ठेवला, तरी प्रत्येकाच्या टेबलावर असा प्रिंटर ठेवणं शक्य नव्हतं. म्हणजे संगणक ज्याचा त्याचा, पण प्रिंटर सर्वांचा. शिवाय एकानं लिहिलेलं दुसऱ्याला द्यायचं, तर तबकडी काढून हातानं न्यायची का? इमारतीतले सगळे संगणक एकमेकांना आणि प्रिंटरला जोडणं भाग होतं. ती जोडणीही वेगवान हवी होती. टेलिफोनच्या तारेवरून तेव्हा सेकंदाला जेमतेम काहीशे बिट जात आणि त्या गतीनं प्रिंटरला खाद्य पुरवणं अशक्य होतं.

हे काम रॉबर्ट मेटकाफ या तरुण अभियंत्याकडे आलं. त्यांना वाट सापडली ती हवाई बेटांवर. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर विद्यापीठाच्या शाखा विखुरलेल्या होत्या. मध्ये समुद्र असल्यानं तारा टाकणं खर्चाचं होतं. म्हणून तिथले प्राध्यापक नॉर्मन एब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये रेडिओलहरींवर चालणारं 'अलोहा' नावाचं जाळं सुरू केलं. त्याचा नियम मजेदार होता. ज्याला बोलायचं असेल, त्यानं बोलून टाकावं. पोहोच आली तर उत्तम. नाही आली, तर दुसऱ्या कुणाचं बोलणं मध्ये आलं असं समजावं, थोडं थांबावं आणि पुन्हा बोलावं. किती थांबायचं हे प्रत्येकानं आपापलं, नशिबाच्या फाशावर ठरवावं, म्हणजे दोघं पुन्हा एकाच क्षणी बोलायला उठणार नाहीत.

मेटकाफ यांनी या नियमाला आणखी शिस्त लावली. बोलण्याआधी ऐका, तारेवर कुणी बोलत असेल तर थांबा, दोघं एकदम बोललेच, तर दोघांनीही गप्प व्हा आणि वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा सुरू करा. आपल्या घरी जेवणाच्या पंगतीत दहा माणसं गप्पा मारतात, तेव्हा कुणी अध्यक्ष नेमलेला नसतो, तरी बोलणं होतंच ना? तसंच हे. मधोमध बसून सर्वांना पाळी देणारं एखादं मोठं यंत्र लागत नव्हतं. एक यंत्र बंद पडलं तरी बाकीच्यांचं बोलणं चालू राहायचं.

२२ मे १९७३ रोजी मेटकाफ यांनी ही कल्पना एका टिपणात मांडली आणि तिला 'इथरनेट' असं नाव दिलं. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं एकेकाळी मानलं जाई, त्या 'इथर' या काल्पनिक द्रव्यावरून ते घेतलं होतं. विज्ञानानं इथर कधीच मोडीत काढला होता, नाव मात्र असं मागच्या दारानं परत आलं. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर मेटकाफ यांनी ते प्रत्यक्षात आणलं. त्याची गती सेकंदाला सुमारे २९ लाख ४० हजार बिट होती. आल्टो, इथरनेट आणि लेझर प्रिंटर यांची मोट बांधली गेली आणि एका इमारतीतल्या अनेकांनी एक प्रिंटर वाटून घेतला.

यानंतर जे घडलं ते माझ्या मते या शोधाइतकंच मोलाचं आहे. मेटकाफ १९७९ मध्ये झेरॉक्समधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. इथरनेट ही एकट्या झेरॉक्सची मिरास राहू नये, असा त्यांचा आग्रह होता. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्या एकत्र आल्या आणि १९८० साली इथरनेटचे नियम छापून जगासमोर ठेवले. १९८३ मध्ये अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्याचं प्रमाण मान्य केलं. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीची वेगळी पद्धतही बाजारात होती. पण ज्याचे नियम कुणालाही वाचता येत होते आणि ज्याची यंत्रं अनेकजण बनवू शकत होते, ते इथरनेट स्वस्त होत गेलं. १९९० मध्ये ते टेलिफोनसारख्या पिळाच्या साध्या तारेवरून धावू लागलं. पुढच्या काळात मुंबई-पुण्याच्या केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर ज्या तारा ओढून सोसायट्यांमध्ये इंटरनेट आणलं, त्या याच घराण्यातल्या.

तार झाली, बोलण्याची शिस्तही झाली. पण बोलायचं कोणत्या भाषेत? 'ही फाइल मला दे', 'हे पान छाप' असं एका संगणकानं दुसऱ्याला सांगायचं, तर दोघांना एक भाषा यायला हवी. भांडणं झाली ती इथं.

ॲपलनं १९८५ मध्ये लेझर प्रिंटर आणला, त्याची किंमत होती ६,९९५ डॉलर. ज्या मॅकिन्टॉश संगणकासाठी तो होता, त्याची आदल्या वर्षीची किंमत होती २,४९५ डॉलर. म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर महाग! साहजिकच कंपनीनं तो अनेक संगणकांत वाटून घेण्याची सोय सोबत दिली. ती सोपीही होती, पण ती ॲपलच्या कुटुंबाची घरची बोली होती. दुसरीकडे आयबीएममध्ये फाइली आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी 'एसएमबी' नावाची भाषा तयार झाली होती. मायक्रोसॉफ्टनं ती उचलली आणि वाढवली. १९९२ च्या 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स'पासून ती साध्या कार्यालयांत आणि हळूहळू घरांतही पोहोचली.

ज्यांच्याकडे विंडोज नव्हतं, त्यांनी काय करायचं? ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल हे पीएचडीचे विद्यार्थी होते. वेगळ्या जातीच्या दोन संगणकांत फाइली वाटून घेण्यासाठी त्यांनी १९९१-९२ च्या सुमारास एक छोटी आज्ञावली लिहिली. भाषेचं व्याकरण त्यांच्या हाती नव्हतं. तारेवरून जाणारे संदेश ऐकून त्यांनी ते उलगडलं. या पद्धतीला ते फ्रेंच कॅफेची उपमा देतात: परक्या देशातल्या उपाहारगृहात बसावं, शेजारच्यानं काय शब्द उच्चारले आणि वेटरनं काय आणून ठेवलं हे पाहत राहावं, म्हणजे भाषा येते. पुढं जवळजवळ दोन वर्षांनी त्यांना घरातला आपला लिनक्स संगणक पत्नीच्या विंडोज संगणकाला जोडायचा होता. त्या घरगुती गरजेतून जुनं काम पुन्हा हाती आलं आणि वाढत गेलं. नाव बदलावं लागलं, तेव्हा त्यांनी शब्दांच्या यादीत एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमानं येणारे शब्द शोधले. त्यात ब्राझीलच्या नृत्याचं नाव सापडलं: 'सांबा'. ही आज्ञावली त्यांनी सर्वांना विनामूल्य दिली, तिची आतली रचनाही उघडी ठेवली.

पण एकीकडे मायक्रोसॉफ्टची भाषा बदलत होती आणि दुसरीकडे सांबाची मंडळी कॅफेत बसून नवे शब्द टिपत होती. हे प्रकरण युरोपात दाद मागण्यापर्यंत गेलं. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला. शिवाय, फाइली आणि छपाईची सेवा देणाऱ्या इतरांच्या संगणकांना विंडोजशी नीट बोलता यावं, म्हणून लागणारी माहिती खुली करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानं तो कायम ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एकदाच दहा हजार युरो भरून सांबासाठी ती कागदपत्रं मिळवण्यात आली. पुढं घराघरांत फाइली साठवण्याच्या ज्या छोट्या पेट्या आल्या, त्यांतल्या कितीतरी पेट्यांच्या पोटात हेच सांबा असतं.

दरम्यान तारही गेली. १९९७ मध्ये बिनतारी जोडणीचं प्रमाण ठरलं, १९९९ मध्ये त्याला 'वाय-फाय' हे नाव मिळालं. भारतात जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणं परवान्याच्या अटीतून मोकळी केली. हवाईतल्या रेडिओलहरींवरून तारेत आलेली 'ऐका, थांबा, मग बोला' ही शिस्त, असा फेरा पुरा करून, पुन्हा हवेत गेली.

तार होती तोवर घराबाहेरच्याला आत यायला तारेपर्यंत यावं लागे. लहरी भिंती ओलांडतात. त्यात घरचं जाळं इंटरनेटला जोडलेलं. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव जगभर पसरला, तो फाइली वाटून घेण्याच्या याच एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांमध्ये नियोजित उपचार पुढं ढकलावे लागले. यातली खेदाची गोष्ट अशी, की हे भोक बुजवणारं ठिगळ कंपनीनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेलं होतं. अनेकांनी ते लावलंच नव्हतं.

म्हणून घरात जाळं उभारताना तीन-चार साध्या गोष्टी पाळाव्यात. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. पाहुण्यांसाठी बहुतेक राउटरमध्ये वेगळ्या जोडणीची सोय असते, ती वापरावी. पूर्ण तबकडी उघडी न करता वाटून घेण्यापुरतं एकच कपाट, म्हणजे एक फोल्डर, उघडं ठेवावं आणि त्यालाही पासवर्ड असावा. संगणक सुधारणा मागत असेल, तर 'नंतर' म्हणू नये.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आज आतल्या खोलीतला फोटो बाहेरच्या खोलीत पाठवायचा, तर आपण तो मोबाइलवरून कुणा कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठवतो आणि तिथून परत घेतो. शेजारच्या काकूंना वाटीभर साखर द्यायची आणि ती परगावच्या कुरियरनं पाठवायची, असा हा प्रकार. काही प्रिंटर तर कंपनीकडे खातं उघडल्याशिवाय आणि इंटरनेट असल्याशिवाय पूर्ण चालत नाहीत. प्रिंटर घरात, कागद आपला, शाई आपण विकत घेतलेली आणि परवानगी मात्र बाहेरून! ही जुनीच मिरास नव्या वेषात आलेली आहे. पुढच्या वेळी दुकानात प्रिंटर पाहाल, तेव्हा पानांची गती आणि शाईचा खर्च विचाराच, पण एवढंही विचारा: इंटरनेट बंद असताना घरातल्या सगळ्यांना यावर छापता येईल का? हा प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारला, की त्याचं उत्तर देणं विकणाऱ्यांना भागच पडेल.