रकाना, रिक्तता आणि वाचक : रेणु-सिम्युलेशनच्या फाइलींतील अनियमित दोषांचा इतिहास

रेणूंच्या हालचालींचे संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्या अभ्यासकांची एक तक्रार जुनी आहे. काल जी फाइल बिनतक्रार वाचली गेली, तिच्याच धाटणीची फाइल आज नाकारली जाते. दहा रचना निर्वेधपणे उघडतात आणि अकरावी मध्येच अडते. एका यंत्रावर चालणारा मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक ठरतो. अशा दोषांना लहरी म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि यंत्राच्या ठिकाणी लहर संभवत नाही. फाइल हा लेख, ती वाचणारे प्लगइन हा वाचक आणि त्या दोहोंमधील संकेत ही लिपी, अशी मांडणी केल्यास यांपैकी बरेच दोष लिपीच्या विस्मृत संकेतांतून उद्भवलेले दिसतात. ते संकेत कोणत्या काळी व कोणत्या सोयीसाठी ठरले, हे कळल्यावाचून दोषाचा उलगडा होत नाही.

या लिपीचा उगम छिद्रपत्रात, म्हणजेच पंचकार्डात आहे. आयबीएम कंपनीने १९२८ साली ८० रकान्यांचे कार्ड प्रचारात आणले आणि पुढे कित्येक दशके संगणकाला पुरवायची माहिती त्या ८० रकान्यांच्या मापातच कापली गेली. १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळा आणि केंब्रिज येथील स्फटिकविषयक माहितीकेंद्र यांच्या सहकार्याने प्रोटीन डेटा बँक स्थापन झाली, तेव्हा तिच्या संग्रहात अवघ्या सात रचना होत्या. त्या दशकात तेथे रूढ झालेल्या पीडीबी लेखनपद्धतीत प्रत्येक अणूला एक ओळ आणि प्रत्येक ओळीला ८० रकाने मिळाले. सातव्यापासून अकराव्या रकान्यापर्यंत अणूचा अनुक्रमांक, तेराव्यापासून सोळाव्यापर्यंत त्याचे नाव, आणि एकतिसाव्यापासून आठ-आठ रकान्यांत त्याचे तीन सहनिर्देशक, अशी ही वाटणी होती. या व्यवस्थेत शब्द वेगळे करणारे कोणतेही चिन्ह नाही. अर्थ अक्षराला नसून अक्षराच्या स्थानाला आहे, आणि म्हणूनच रिकामा रकाना हादेखील लेखनाचा सार्थ घटक ठरतो.

याचे बोलके उदाहरण म्हणजे रोमन लिपीतील ‘सी’ आणि ‘ए’ या दोन अक्षरांचे अणुनाम. प्रथिनाच्या प्रत्येक ॲमिनो आम्लातील अल्फा-कार्बन याच दोन अक्षरांनी दाखवला जातो आणि कॅल्शियमचे रासायनिक चिन्हही तेच आहे. मूलद्रव्याचे चिन्ह तेराव्या-चौदाव्या रकान्यांत उजवीकडे सरकवून लिहावे, असा संकेत असल्यामुळे कार्बनचा ‘सी’ चौदाव्या रकान्यात येतो, तर कॅल्शियमचा तेराव्यात. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हे समलिखित शब्द होत; त्यांतील भेद केवळ आरंभीच्या एका रिक्त जागेने राखला आहे. एखाद्या आज्ञावलीने नाव लिहिताना ती जागा वगळली, तर फाइल दिसायला शुद्धच राहते, परंतु अणुभार १२ असलेल्या कार्बनच्या जागी अणुभार ४० असलेले कॅल्शियम येऊन बसते. पुढे ७७ व ७८ या रकान्यांत मूलद्रव्याचे चिन्ह स्वतंत्रपणे लिहिण्याची सोय झाली, ती ही संदिग्धता टाळण्यास उपयोगी पडली. मात्र ते रकाने कोरे सोडणाऱ्या फाइली आजही आढळतात.

दुसरा दोष याहून अधिक फसवा आहे. जुन्या पोथ्यांतील सलग लेखनात पदच्छेद करण्याचे काम वाचकाकडे असे. पीडीबी फाइलीत मात्र बहुतेक ओळींवर संख्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसते, आणि ती पाहून नवे आज्ञावलीकार रकाने न मोजता मोकळ्या जागेवरून पदच्छेद करू लागले. सहनिर्देशकाला आठ रकाने असतात व दशांशचिन्हापुढे तीन अंक. ‘-९९.९९९’ ही संख्या सात रकाने व्यापते आणि एक रकाना रिकामा सोडते. तोच अणू किंचित पुढे सरकून ‘-१००.०००’ या स्थानी गेला की आठही रकाने भरतात, ही संख्या मागील संख्येला चिकटते आणि मोकळ्या जागेवर विसंबलेला वाचक दोन संख्यांची एक संख्या करतो. सिम्युलेशनमध्ये पाण्याचे रेणू सतत भटकत असतात. त्यांतील एखादा शंभर अँगस्ट्रॉमची ही सीमा केव्हा ओलांडेल, याचा नेम नसतो. दोष अधूनमधून दिसतो, तो या कारणाने. नियम प्रत्येक ओळीला सारखाच लागू असतो. त्याची कसोटी पाहणारी ओळ मात्र क्वचित् येते.

तिसरा दोष विस्ताराचा आहे. प्रथिनाच्या गतीचे पहिले सिम्युलेशन मॅकॅमन, गेलिन आणि कार्प्लस यांनी १९७७ साली प्रसिद्ध केले. त्यातील प्रथिनात ५८ ॲमिनो आम्ले होती, अणूंची संख्या हजाराच्या आत होती आणि कालावधी सुमारे ९ पिकोसेकंदांचा होता. त्या काळी अनुक्रमांकासाठी पाच रकाने म्हणजे मोठेच औदार्य होते. २००६ साली इलिनॉय विद्यापीठातील क्लाउस शुल्टेन यांच्या गटाने एका संपूर्ण विषाणूचे सिम्युलेशन केले, त्यात अणूंची संख्या सुमारे दहा लाखांवर गेली. २०१३ साली एचआयव्हीच्या कवचासाठी ती सहा कोटींहून अधिक झाली. ९९,९९९ नंतर काय लिहावे, याविषयी मूळ लिपी मौन बाळगते. तेव्हा काही आज्ञावल्यांनी पुन्हा शून्यापासून गणना आरंभली, काहींनी षोडशमान पद्धतीचे अंक योजले, तर काहींनी रकाना ताऱ्यांनी भरून टाकला. एकाच लिपीच्या अशा बोली निर्माण झाल्या आणि एका बोलीचा वाचक दुसरीपाशी अडखळू लागला.

याच शुल्टेन यांच्या गटाने १९९० च्या दशकात व्हीएमडी ही रेणुदर्शनाची आज्ञावली जाहीर केली. तिच्या पुढील आवृत्त्यांत प्रत्येक लेखनपद्धतीसाठी स्वतंत्र प्लगइन योजण्यात आले. त्यांपैकी डीसीडी फाइली वाचणारे प्लगइन लक्षणीय आहे. चार्म, एक्स-प्लोर आणि नॅमडी या आज्ञावल्यांत रूढ झालेली ही द्विमान पद्धती फोरट्रान भाषेच्या सवयीनुसार प्रत्येक नोंदीच्या आरंभी व अंती तिची लांबी लिहिते. पहिल्या नोंदीची लांबी नेहमी ८४ बाइट असते. परंतु काही यंत्रे संख्येतील थोर बाइट आधी लिहितात, तर काही कनिष्ठ. या दोन पंथांना डॅनी कोहेन यांनी १९८० साली स्विफ्टच्या गलिव्हरमधील अंडे फोडणाऱ्यांच्या भांडणावरून नावे दिली. उलट दिशेने वाचल्यास ८४ चे १,४०,९२,८६,१४४ होतात. म्हणून हे प्लगइन पहिली संख्या पाहते. ती ८४ नसेल तर बाइटांचा क्रम उलटून पुन्हा पाहते, आणि काही कंपायलर ही लांबी चारऐवजी आठ बाइटांत लिहितात, तीही शक्यता तपासते. अज्ञात लिपीतील शिलालेख वाचताना ओळखीच्या राजनामाचा आधार घ्यावा, तशीच ही रीत होय.

या सर्वांत अडणारी फाइल ही कमी घातक म्हटली पाहिजे, कारण ती निदान अडते. खरे संकट निमूटपणे चुकीचे वाचले जाण्यात आहे. सिम्युलेशनचा आरंभ ज्या स्फटिकरचनांपासून होतो, त्यांच्या क्षेत्रात याचा कठोर प्रत्यय २००६ साली आला. एका प्रयोगशाळेच्या घरगुती आज्ञावलीत मापनांच्या जोड्यांची अदलाबदल होऊन चिन्ह उलटले. त्यामुळे पेशीपटलातील वाहक प्रथिनांच्या रचना चुकीच्या ठरल्या आणि ‘सायन्स’ नियतकालिकातील तीन निबंध मागे घ्यावे लागले. त्यांतील पहिला २००१ सालचा होता. पाच वर्षे कोणत्याही आज्ञावलीने दोषाची सूचना दिली नव्हती.

सुधारणा झाली नाही, असे नाही. स्थानाऐवजी नावाने अर्थ सांगणारी एमएमसीआयएफ पद्धती १९९७ साली मान्य झाली, २०१४ मध्ये ती प्रोटीन डेटा बँकेची प्रमाण पद्धती ठरली आणि जुलै २०१९ पासून स्फटिकरचना त्याच पद्धतीने सादर करणे बंधनकारक झाले. परंतु लिपी बदलली म्हणून जुने दप्तर नाहीसे होत नाही. सिम्युलेशनच्या असंख्य फाइली, त्यांवर बेतलेल्या आज्ञावल्या आणि अभ्यासकांच्या सवयी अद्याप ८० रकान्यांच्याच आहेत. म्हणून अनियमित दोष आढळताच प्लगइन पुन्हा बसवण्याआधी पाठचिकित्सकाची शिस्त पाळणे हिताचे ठरते: नेमकी कोणती ओळ अडली ते शोधणे, ती कोणत्या आज्ञावलीने लिहिली याची नोंद घेणे, तिचे रकाने एकेक करून मोजणे आणि शेजारच्या, न अडलेल्या ओळीशी ती ताडून पाहणे. भेद बहुधा एखाद्याच रिकाम्या जागेचा निघतो. ती जागा कोणत्या संकेताने रिकामी होती, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो दिसतो.