कसरत म्हणजे पुष्कळ

उर्दूत ‘कसरत’ दोन तऱ्हांनी लिहितात. ‘से’ या अक्षराने लिहिली तर अर्थ होतो पुष्कळपणा, रेलचेल. ‘कसरत से’ म्हणजे भरपूर, वारंवार. ‘सीन’ने लिहिली तर व्यायाम. जुने कोशकार दुसरा शब्द हा पहिल्याचाच बदललेला अवतार मानतात. मराठीत दुसरा अर्थ तेवढा आला, पहिला वेशीबाहेरच राहिला. मला मात्र स्नायूंच्या वाढीचा इतिहास या एका शब्दापासूनच सांगावासा वाटतो.

मराठी तालमीत शिरलं की असे शब्द पावलोपावली भेटतात. ‘तालीम’ अरबी, मूळ अर्थ शिक्षण. उर्दू शाळेत तो अर्थ आजही चालतो, कोल्हापुरात मात्र तालीम म्हटलं की लाल माती. वस्ताद म्हणजे उस्ताद. हौद म्हणजे हौज. कुस्ती, पैलवान, खुराक हे फारसीतून आले. ‘जोर-बैठका’ या जोडीत तर जोर फारसीचा आणि बैठक आपल्या मातीतली. या सगळ्यांतले दोन शब्द माझ्या कामाचे आहेत, कसरत आणि खुराक. स्नायू या दोघांवरच वाढतो. कसरत गरिबाला परवडली. खुराक मात्र कुणीतरी द्यावा लागला.

आधी कसरतीबद्दल. स्नायूवर ताण आला की त्याच्या तंतूंमध्ये नवी प्रथिनं बांधायचं काम वेग घेतं आणि ते पुढे दिवस-दीड दिवस चालू राहतं. असं पुन्हा पुन्हा झालं तर तंतू जाड होतात. आता हा ताण जड वजनानेच द्यायला हवा का? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे पाय जड आणि टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या वजनांनी सुधारून दाखवले. तेव्हापासून जिमचा मंत्रच झाला, वजन वाढवा. आपल्या तालमीतले हजार बैठकांचे आकडे त्यापुढे खेडवळ वाटू लागले. पण २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांकडून दहा आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. काही पायांना कमाल ताकदीच्या ८० टक्के वजन दिलं, काहींना फक्त ३० टक्के, पण पाय उचलेनासा होईपर्यंत. मांडीचे स्नायू दोन्हीकडे जवळजवळ सारखेच वाढले. जास्तीत जास्त वजन उचलायची ताकद मात्र जड वजनवाल्या पायांची अधिक वाढली.

म्हणजे बैठका मारणारा वस्ताद अडाणी नव्हता. ‘से’वाली कसरत, पुष्कळपणा, हाही स्नायू वाढवायचा रस्ता आहे, अट एवढीच की थकेपर्यंत करायची. उरलेल्या ताकदीसाठी तालमीत जोडी होती, करेला होता, गदा होती आणि समोर आपल्याच वजनाचा जिवंत माणूस होता. यातलं काहीच महाग नव्हतं. माती तयार करताना तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे, तो खर्च सगळ्यांचा मिळून व्हायचा.

बडोद्याच्या दांडिया बाजारात ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’ आहे. जुम्मादादा हे एकोणिसाव्या शतकातले तिथले मुसलमान उस्ताद. त्यांच्या आखाड्याचे वारस झाले त्यांचे मराठी शिष्य माणिकराव, आणि त्यांनी व्यायामशाळेला नाव दिलं गुरूचं. जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण १९०७ ते १९१० या काळात इथेच माणिकरावांकडे शिकला. पुढे हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं-प्राणायाम करणाऱ्यांना क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या यंत्रांखाली तपासलं. त्यांचा विषय योग होता, दंड फुगवणं नव्हे. पण शरीराबद्दल बोलायचं तर आधी मोजून बघा, ही सवय महाराष्ट्रात ज्यांनी रुजवली त्यांच्या गुरूचा गुरू एक जुम्मादादा होता. आमच्या पोरांना हे नाव कुठल्याच पाठ्यपुस्तकात भेटत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळलो.

आता खुराक. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं जुनं क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. ते १९१२ मध्ये पुरं झालं. उद्घाटनाला गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. पंजाबचे हे मल्ल इतक्या लांब आले कारण इथे दरबार पैलवानाच्या पोटाची काळजी घेत होता. मैदान सगळ्यांना दिसतं, खासबागचा खरा पाया मात्र दूध-तूप-बदामाचा होता.

या खुराकाबद्दल दंतकथा फार. गामा रोज दहा लिटर दूध प्यायचा म्हणतात. हिशेब करा. दहा लिटर दुधात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की दिवसाला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे स्नायूंना फारसा जादा फायदा होत नाही. शंभर किलोच्या पैलवानाला १६० ग्रॅम झाले. बाकीचं गेलं कुठे? मला वाटतं, बरंचसं गोष्ट सांगणाऱ्यांच्या पोटात. तुपाचं वेगळं. तुपात प्रथिन नाही, पण दिवसभर घाम गाळणाऱ्याला उष्मांक हवेतच. ते कमी पडले तर शरीर खाल्लेलं प्रथिनच जाळून टाकतं.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि खुराकाचा धनी गेला. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण ठेवलं. ज्या शहरात दरबार मल्ल पोसायचा तिथे तीन वर्षांत मास्तरावर ही पाळी आली. खाशाबांनी कांस्यपदक आणलं.

आता माजिवड्याकडे येतो. नाक्यापासून कापूरबावडीपर्यंत संध्याकाळी चालत गेलात तर वरच्या मजल्यांवर काचेआड पोरं वजनं उचलताना दिसतात. तालमीत नव्हती अशी यंत्रं, आरसे, एसी. मला त्याचं कौतुकच आहे. पण इथे कसरत विकत मिळते आणि खुराकाच्या बाबतीत पोरगा एकटा असतो. माझा एक जुना विद्यार्थी मोबाइलच्या दुकानात काम करतो. पगारातून पावडरचा डबा उधारीवर घेतो आणि घरी आईने उकडलेली अंडी ताटात ठेवून जातो. डब्यातली व्हे प्रोटीन म्हणजे चीज करताना उरलेल्या पाण्यातलं प्रथिन, दुधाचंच एक अंग. ती वाईट नाही, जादूचीही नाही. २०२४ मध्ये भारतीय बाजारातली अशी ३६ उत्पादनं तपासली तेव्हा २५ मध्ये प्रथिनांचा छापलेला आकडा खरा निघाला नाही. डब्याने भागलं नाही की कुणीतरी सुई सुचवतो. स्टेरॉईडने दंड फुगतात हे खरं आहे, म्हणून तर पोरं फसतात. पण हृदय आणि यकृत बिघडतं, वृषणं आक्रसतात, बाप होणं अवघड होऊन बसतं. हे त्याला जिमच्या आरशात दिसत नाही.

साठ किलोच्या पोराला दिवसाला ९५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. चार अंड्यांतून २४, अर्ध्या लिटर दुधातून १७, शंभर ग्रॅम फुटाण्यांतून २०. उरलेलं डाळ, चपाती आणि थोड्या चिकनमधून निघतं. आमच्या वस्त्यांत बड्याचं मटण हाच स्वस्त आधार असायचा. २०१५ च्या कायद्याने गाईबरोबर बैल आणि वळूही त्यातून गेले, उरली म्हैस. त्यामुळे गरिबाच्या ताटाचा हिशेब बदलला, आणि हे आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात येत नाही. डाळ-भात एकत्र खाणाऱ्याने मात्र स्वतःला कमी समजू नये. डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते भातात मिळतं, भातातली तूट डाळ भरते.

रमजान आला की पोरं हमखास विचारतात, सर, महिनाभरात बॉडी उतरेल का? ट्युनिशियात शरीरसौष्ठवपटूंवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. काहींनी रोजा असतानाच व्यायाम केला, काहींनी रोजा सोडल्यावर. वजन आणि चरबी दोन्ही गटांत महिन्याअखेर जवळपास तशीच राहिली. इफ्तारला भजी कमी खा, सेहरीला अंडी आणि दही चुकवू नका, पाणी इफ्तार ते सेहरी थोडं थोडं पीत राहा, आणि जड वजनं तरावीहनंतर उचला, असं मी त्यांना सांगतो.